स्फटिकाचें अंतरंग आणि मोजणीची पूर्वयोजना

मिठाचा खडा, खडीसाखर, तुरटी हे पदार्थ प्रत्येक घरांत असतात. त्यांच्या सपाट बाजू व रेखीव कोन पाहून, निसर्गानें हें कोरीव काम कोणत्या छिन्नीनें केलें असावें, असा प्रश्न जिज्ञासु मनास पडल्यावांचून राहत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभीं क्ष-किरणांनीं दिलें, ही गोष्ट शाळेंतील पुस्तकांमुळें बहुतेकांस ठाऊक आहे. साध्या मिठापासून मानवी शरीरांतील प्रथिनांपर्यंत असंख्य पदार्थांतील अणूंची मांडणी या किरणांनीं उघड केली, हेंहि पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. परंतु किरण स्फटिकावर पडण्यापूर्वीं शास्त्रज्ञास जो विचार करावा लागतो, त्याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. कोणता स्फटिक निवडावा, तो कोणत्या बाजूनें व किती फिरवावा, किरण किती वेळ पाडावा आणि कोठें थांबावें, या प्रश्नांच्या उत्तरांवर साऱ्या प्रयोगाचें यश अवलंबून असतें. या पूर्वयोजनेचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम थोडा इतिहास. १८९५ सालीं जर्मनींत राँटजेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण म्हणजे अतिशय आखूड अशा प्रकाशलहरीच असाव्यात, असा तर्क कित्येकांनीं केला होता. परंतु त्याचा निर्णायक पुरावा मिळत नव्हता. १९१२ सालीं म्युनिक येथें माक्स फॉन लाउए यांस अशी कल्पना सुचली कीं, स्फटिकांत अणु जर खरोखरच ओळीनें मांडलेले असतील, तर त्यांच्यावरून विखुरणाऱ्या क्ष-लहरी ठराविक दिशांनींच बाहेर पडतील. त्यांचे सहकारी फ्रीड्रिख व क्निपिंग यांनीं मोरचुदाच्या स्फटिकावर किरण सोडले व मागें फोटोची कांच ठेवली. कांचेवर ठिपके उमटले, आणि एकाच प्रयोगानें दोन गोष्टी सिद्ध झाल्या : क्ष-किरण लहरींचे बनलेले आहेत, आणि स्फटिकांतील अणु शिस्तीनें उभे आहेत. पुढील वर्षीं इंग्लंडांत विल्यम ब्रॅग व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग यांनीं या ठिपक्यांवरून मिठाच्या अणूंची प्रत्यक्ष रचना शोधून काढली. १९१५ सालीं पितापुत्रांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वेळीं पुत्राचें वय अवघें २५ वर्षांचें होतें.

ज्यांनीं कोंकणांतील सुपारीची बाग पाहिली असेल, त्यांस या शास्त्राचें मूळ तत्त्व सहज कळेल. बागेच्या कडेनें चालत गेलें असतां झाडांच्या रांगा क्षणोक्षणीं बदलतात. एका जागेवरून रुंद अंतराच्या सरळ रांगा दिसतात. चार पावलें पुढें गेल्यावर तींच झाडें तिरप्या व दाट रांगांत उभीं आहेत असें वाटतें. झाडें हललेलीं नसतात. आपली दृष्टि बदललेली असते. स्फटिकांतहि अणूंचे असे असंख्य थर निरनिराळ्या दिशांनीं कल्पितां येतात. एखाद्या थरसमूहावर किरण विशिष्ट कोनांत पडला, तरच त्यांतील सर्व थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींस साहाय्य करतात व एक ठळक ठिपका उमटतो. कोन थोडा चुकला कीं त्याच लहरी एकमेकींस मारक होतात व ठिपका नाहींसा होतो. थर जितके जवळजवळ, तितका हा कोन मोठा. हाच ब्रॅग यांचा प्रसिद्ध नियम. म्हणून एकाच लांबीच्या लहरी वापरावयाच्या असल्यास स्फटिक स्थिर ठेवून भागत नाहीं. तो हळूहळू फिरवून एकेक थरसमूह किरणासमोर आणावा लागतो व प्रत्येक टप्प्याचें चित्र निराळें घ्यावें लागतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली पाहिजे. चित्रांतील ठिपका म्हणजे अणूची प्रतिमा नव्हे. प्रत्येक ठिपक्यांत सर्व अणूंचा थोडाथोडा वांटा असतो. आणि उलट, एका अणूची जागा निश्चित करावयाची तर सर्वच ठिपक्यांची साक्ष घ्यावी लागते. नकाशाचा एक कोपरा फाटला तर त्या कोपऱ्यांतील गांवेंच तेवढीं नाहींशीं होतात. बाकीचा नकाशा शाबूत राहतो. येथें मात्र ठिपक्यांचा एक गट मोजावयाचा राहून गेला, तर सबंध चित्रच धुरकट होतें. किंबहुना त्यांत नसलेल्या आकृति दिसूं लागतात व नसलेल्या गोष्टींवर विद्वानांचे वाद होतात.

ठिपके मोजून झाले कीं पुढचें सारें काम गणिताचें. तें गणित चुकलें तर पुन्हां करतां येतें; दहा वर्षांनीं अधिक चांगली रीत निघाली तर जुन्याच आंकड्यांवर ती लावून पाहतां येते. परंतु जो ठिपका मोजलाच नाहीं, तो कोणत्याहि गणितानें निर्माण होत नाहीं. त्यांतून प्रथिनांचे स्फटिक म्हणजे फार नाजूक वस्तु. कित्येकदां महिनेच्या महिने खटपट केल्यावर केंसाच्या जाडीएवढा एखादा स्फटिक हातीं लागतो. त्याच्या आकारमानाचा सुमारें निम्मा भाग पाण्याचाच असतो. आणि ज्या किरणांनीं तो वाचावयाचा, तेच किरण त्यास हळूहळू मारीत असतात. अशा स्थितींत आधीं किरण सोडून मग विचार करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. सारांश, येथें पूर्वयोजना ही प्रयोगाची प्रस्तावना नसून प्रयोगाचाच मुख्य भाग आहे.

या योजनेंत पहिला प्रश्न साधनांचा नव्हे, तर हेतूचा असतो. आपणांस या स्फटिकापासून काय जाणून घ्यावयाचें आहे? रेणूचा ढोबळ आकार पुरे आहे, कीं एकेक अणु निराळा दिसला पाहिजे? अणूंमधील अंतरें मोजण्यास शास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम नांवाचें माप वापरतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश. चित्रांत सहा अँगस्ट्रॉमपर्यंतचाच बारकावा असेल तर प्रथिनाच्या साखळीचे वेढे दोरखंडासारखे दिसतात. दोनपर्यंत गेल्यास साखळीच्या प्रत्येक कडीचा आकार ओळखूं येतो. एकाच्या आसपास पोहोंचल्यास अणु सुटे सुटे दिसतात. परंतु या बारकाव्याची किंमत मोठी असते. बारकावा दुप्पट करावयाचा तर ठिपके दुप्पट नव्हे, आठपट मोजावे लागतात. तिप्पट करावयाचा तर सत्तावीसपट.

हा हिशेब आधीं करून पावलें टाकण्याचें उत्तम उदाहरण केंब्रिज येथील जॉन केंड्र्यू यांनीं घालून दिलें. स्नायूंमध्यें प्राणवायु सांठवून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन नांवाच्या प्रथिनाची रचना त्यांस शोधावयाची होती, व त्यासाठीं त्यांनीं स्पर्म जातीच्या देवमाशाच्या स्नायूंतील प्रथिन घेतलें होतें. हें प्रथिन १५३ कड्यांच्या साखळीचें आहे. त्या काळीं गणकयंत्रें नुकतीं कोठें अवतरलीं होतीं, व प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा मोजणें हें कष्टाचें काम होतें. म्हणून प्रथम सहा अँगस्ट्रॉमच्याच बारकाव्यावर समाधान मानावें, असें केंड्र्यू यांनीं ठरविलें. त्यासाठीं सुमारें ४०० ठिपके पुरले, आणि १९५८ सालीं जगास एका प्रथिनाच्या घडणीचें पहिलें दर्शन झालें. तें वेडेंवांकडें होतें. गुंतलेल्या दोरासारखा एक आकार, एवढेंच त्यांत दिसे. परंतु त्यावरून मार्ग बरोबर आहे, ही खात्री पटली. मग दोन अँगस्ट्रॉमच्या चित्रासाठीं जवळजवळ १०,००० ठिपके मोजण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, व १९६० सालीं तें सिद्धीस गेलें. पहिल्याच दिवशीं दहा हजारांच्या मागें लागले असते, तर वाटेंतच थकून जाण्याचा संभव होता. ४०० वरच थांबले असते, तर रचना अर्धवटच राहिली असती. १९६२ सालीं केंड्र्यू व त्यांचे सहकारी माक्स पेरुट्झ यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

हेतु ठरला म्हणजे दुसरा प्रश्न येतो : स्फटिक कोठून कोठपर्यंत फिरवावयाचा? येथें स्फटिकाची सममिति आपल्या मदतीस येते. रांगोळींतील कमळाची एक पाकळी काढून दाखविली कीं उरलेल्या पाकळ्या तशाच असणार, हें आपण जाणतों. त्याप्रमाणें स्फटिकाची रचना जितकी सममित, तितका थोडा भाग मोजून सर्वांचें ज्ञान होतें. ज्या स्फटिकांत अशी सममिति मुळींच नाहीं, तो अर्धा वळसा, म्हणजे १८० अंश, फिरवावा लागतो. ज्याचे तीन आंस परस्परांशीं काटकोन करतात व प्रत्येक आंसाभोंवतीं अर्ध्या वळशाची सममिति असते, अशा स्फटिकास त्यांपैकीं एका आंसाभोंवतीं ९० अंश पुरतात. याहून अधिक सममित असलेले कित्येक स्फटिक, योग्य तऱ्हेनें बसविल्यास, त्याहूनहि थोडक्यांत आटोपतात.

मात्र ९० अंश पुरतात म्हणजे कोणतेहि ९० अंश पुरतात असें नव्हे. वरील तीन आंसांच्या स्फटिकाचें फिरणें एका आंसापासून सुरू करून दुसऱ्या आंसापर्यंत नेलें, तर सर्व निरनिराळे ठिपके पदरांत पडतात. परंतु दोन आंसांच्या बरोबर मध्यापासून आरंभ केला, तर पहिल्या ४५ अंशांत जें मिळालें, तेंच पुढील ४५ अंशांत जणूं आरशांत पाहिल्याप्रमाणें पुन्हां मिळतें. श्रम तेवढेच, स्फटिकाची झीज तेवढीच. पण जवळजवळ निम्मी माहिती हुकली! म्हणून जाणते लोक मुख्य मोजणीपूर्वीं परीक्षेसाठीं एकमेकांशीं काटकोनांत अशीं दोन चित्रें घेतात. दोन अशासाठीं, कीं एका बाजूनें निर्दोष दिसणारा स्फटिक दुसऱ्या बाजूनें भेगाळलेला असूं शकतो. या चित्रांवरून स्फटिकाचें माप, त्याची संभाव्य सममिति, तो कसा बसला आहे, आणि ठिपके कोठवर पोहोंचतात, हें समजतें. सममितीविषयीं शंका असेल तर ती कमी आहे असें धरून अधिक अंश फिरविणें श्रेयस्कर. कारण जास्त मोजलेलें मागाहून एकत्र करतां येतें, कमी मोजलेलें वाढवितां येत नाहीं.

या फिरण्यांत आणखी एक गोम आहे. ध्रुवताऱ्याजवळचे तारे आपल्या भागांत क्षितिजापासून फार उंच दिसत नाहींत. परंतु उत्तरेकडील देशांत गेल्यास ध्रुवाजवळचे पुष्कळ तारे उगवतहि नाहींत व मावळतहि नाहींत, नुसतेच घिरट्या घालतात असें आढळतें. पृथ्वीच्या आंसाच्या दिशेस असल्यामुळें ते क्षितिज ओलांडीतच नाहींत. स्फटिक ज्या आंसाभोंवतीं फिरतो, त्याच्या अगदीं जवळच्या दिशेचे कांहीं ठिपके असेच असतात. स्फटिक कितीहि फिरविला तरी त्यांची किरणाशीं गांठ पडत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. स्फटिकाचा सममितीचा आंस फिरण्याच्या आंसाशीं तंतोतंत न जुळवितां थोडा तिरपा ठेवावा, म्हणजे हुकलेल्या ठिपक्यांचे जुळे भाऊ दुसरीकडे सांपडतात. किंवा एक फेरी झाल्यावर स्फटिक कलता करून आणखी एक लहानशी फेरी घ्यावी.

तिसरा प्रश्न अंतराचा. ठिपके टिपणारा पडदा स्फटिकाच्या जवळ ठेवला तर मोठ्या कोनांत वळलेले किरणहि त्यावर पडतात, व बारकावा वाढतो. पण त्यामुळें ठिपक्यांची दाटी होते. ज्या स्फटिकांतील पुनरावृत्तीचें अंतर मोठें, त्याचे ठिपके मुळांतच जवळजवळ असतात. पडदा फार जवळ आणला तर ते जत्रेंतील गर्दीप्रमाणें एकमेकांत मिसळतात, व कोणाचा काळेपणा किती हें सांगतां येत नाहीं. पडदा मागें नेला तर ठिपके सुटे होतात व पार्श्वभूमीवरील धूसर प्रकाशहि विरळ होतो. मात्र कडेचे ठिपके पडद्याबाहेर जातात. म्हणून स्फटिक जेथवर खरोखर ठिपके देतो, तेथवरचे ते पडद्याच्या कडेपर्यंत मावतील, एवढेंच अंतर ठेवावें. न मिळणाऱ्या बारकाव्याचा लोभ धरून पडदा पुढें ओढण्यांत हंशील नाहीं. तसेंच प्रत्येक चित्रासाठीं स्फटिक किती फिरवावयाचा, हेंहि दाटी पाहूनच ठरवावें लागतें. फोटोच्या फिल्मच्या काळांत एका चित्रांत एक अंश किंवा त्याहून अधिक फिरविण्याची वहिवाट होती. हल्लीं एका अंशाचे दहा भाग पाडून दहा चित्रें घेणें सामान्य झालें आहे.

ठिपक्यांच्या तेजांतहि फार मोठें अंतर असतें. कांहीं ठिपके शेजाऱ्यांच्या हजारपट तेजस्वी असतात. मंद ठिपके नीट उमटावे म्हणून किरण जास्त वेळ पाडला, तर तेजस्वी ठिपके पडद्याच्या मोजण्याच्या शक्तीपलीकडे जातात व त्यांचें माप वायां जातें. दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, सर्वांत तेजस्वी ठिपके बहुधा ढोबळ आकार सांगणारे असतात. ते गमावणें म्हणजे घराचें नक्षीकाम जपून पायाच काढून टाकण्यासारखें आहे. यासाठीं जुन्या पडद्यांवर काम करणारे दोन फेऱ्या घेत : एक संथ, मंद ठिपक्यांसाठीं, व दुसरी झटपट, तेजस्वी ठिपक्यांसाठीं. अलीकडे स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेंत विकसित झालेल्या पिलाटससारख्या पडद्यांवर एकेक किरणकण स्वतंत्र मोजला जातो, त्यामुळें ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

आतां आम्ही सर्वांत गंभीर प्रश्नाकडे वळतों. तो म्हणजे स्फटिकाचें आयुष्य. १९६२ सालीं ब्लेक व फिलिप्स यांनीं मायोग्लोबिनच्याच स्फटिकांवर प्रयोग करून, किरणांच्या माऱ्यानें स्फटिकाची शिस्त कशी मोडत जाते, हें मोजून दाखविलें. पदार्थाच्या एका किलोग्रॅममध्यें एक जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे त्या मात्रेस एक ग्रे म्हणतात. मनुष्याच्या सर्वांगास एकदम चारपांच ग्रे मात्रा मिळाली तर ती प्राणघातक ठरूं शकते. अतिशीत अवस्थेंतील प्रथिनाचा स्फटिक दोन कोटी ग्रेपर्यंत टिकावा, असें अनुमान १९९० सालीं रिचर्ड हेंडरसन यांनीं केलें. आणि २००६ सालीं एल्स्पेथ गार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रत्यक्ष मोजून, तीन कोटी ग्रेच्या पुढें जाऊं नये, अशी मर्यादा सुचविली. हे आंकडे मोठे दिसतात खरे. परंतु हल्लींच्या प्रखर किरणांपुढें ही मर्यादा कित्येक ठिकाणीं मिनिटांत, क्वचित् सेकंदांतच गांठली जाते.

शीतावस्थेचें महत्त्व याचमुळें आहे. स्फटिक शून्याखालीं सुमारें १७३ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केलेल्या नायट्रोजनच्या झोतांत ठेवला, तर त्याचें आयुष्य दहापटींहून कितीतरी अधिक वाढतें. मात्र स्फटिकांतील पाण्याचें बर्फ होऊं नये म्हणून त्यास आधीं ग्लिसरीनसारख्या द्रवांत बुडवावें लागतें. हाहि पूर्वयोजनेचाच भाग. बर्फ झाल्यावर पश्चात्तापाचा उपयोग नाहीं.

किरणांची इजा सर्वत्र सारखी होत नाहीं, हें तर अधिकच धोक्याचें आहे. २००० सालच्या सुमारास शास्त्रज्ञांच्या असें ध्यानांत आलें कीं, प्रथिनांतील गंधकाचे दोन अणु जोडणारे बंध सर्वांच्या आधीं तुटतात. इतर भाग अजून धडधाकट दिसत असतांना हे दुवे निखळलेले असतात. समजा, एखाद्यानें स्फटिकाचा अंत पाहून मोजणी केली व चित्रांत असा तुटलेला दुवा पाहिला. तो निसर्गानेंच तसा घडविला आहे, अशी त्याची समजूत होईल. आणि त्या समजुतीवर कोणी औषधाची आंखणी केली, तर त्याचे परिणाम रोग्यास भोगावे लागतील. वस्तुतः तो दुवा मोजणाऱ्याच्याच किरणांनीं तोडलेला असतो. पाहणाऱ्यानें पाहिलेल्या वस्तूंत बदल केला व तो बदलच सत्य म्हणून लिहून ठेवला, याहून मोठी फसगत शास्त्रांत कोणती?

म्हणून मोजणीचा आराखडा घरखर्चाच्या अंदाजपत्रकासारखा करावा लागतो. मिळकत ठरलेली आहे. ती म्हणजे स्फटिक सोसूं शकेल ती मात्रा. ती थोड्या ठळक चित्रांवर खर्चावी, कीं पुष्कळ मंद चित्रांवर? एकच ठिपका चार वेळां मोजून सरासरी काढली, तर चूक निम्म्यानें कमी होते. म्हणून पुनरावृत्ति चांगली. परंतु मोजण्याच्या खेपा वाढवावयाच्या तर प्रत्येक खेपेची मात्रा त्या मानानें घटविली पाहिजे. किरणकण मोजणारे पडदे आल्यापासून, मंद किरणांनीं अधिक वळसे घेणें, हा मार्ग पुष्कळांस पसंत पडूं लागला आहे. कारण स्फटिक खंगूं लागला असें आढळल्यास शेवटचीं चित्रें गाळून टाकतां येतात व आरंभीच्या चित्रांत सर्व ठिपके एकदां तरी आलेले असतात. आवश्यक तें आधीं, हवेंसें तें मागून, हा गृहिणीचा नियम येथेंहि लागू आहे.

आतां राहिला किरणांच्या निवडीचा प्रश्न. यासाठीं आम्ही चिंचेचें उदाहरण घेतों. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लामुळें असतो. या आम्लाचे रेणु डावा व उजवा हात यांप्रमाणें दोन प्रकारचे असूं शकतात. १८४८ सालीं लुई पाश्चर यांनीं या आम्लाच्या एका क्षाराचे डावे व उजवे स्फटिक चिमट्यानें वेगळे करून दाखविले होते. परंतु कोणत्या रेणूंत अणूंची वळणें प्रत्यक्ष कोणत्या बाजूस आहेत, हें शंभर वर्षें कोणासहि सांगतां आलें नाहीं. एमिल फिशर यांनीं सोयीसाठीं एक बाजू गृहीत धरली, व सारें रसायनशास्त्र त्या गृहीतावर चाललें. क्ष-किरणांनींहि हा प्रश्न सुटत नव्हता. कारण साधारणतः ठिपका व त्याचा समोरासमोरचा जोडीदार सारख्याच तेजाचे असतात, व डावेंउजवें हा भेद पुसला जातो.

हॉलंडांतील उट्रेख्ट येथें बायफूट व त्यांचे दोन सहकारी यांनीं ही कोंडी फोडली. त्यांनीं आम्लाचा सोडियम-रुबिडियम क्षार घेतला, व रुबिडियमचे अणु ज्या लहरी शोषूं लागतात, त्यांहून किंचित् आखूड लहरींचे किरण मुद्दाम निवडले. हे किरण झिर्कोनियम धातूपासून मिळतात. अशा किरणांत रुबिडियमचे अणु थोडे निराळे वागतात, आणि जोडीच्या दोन ठिपक्यांच्या तेजांत लहानसा फरक पडतो. तो फरक मोजून १९५१ सालीं त्यांनीं निकाल दिला : फिशर यांचें गृहीत सुदैवानें खरें होतें. येथें असंख्य ठिपक्यांचा ढीग कामास आला नाहीं. योग्य किरण व काळजीपूर्वक ताडून पाहिलेल्या मोजक्या जोड्या कामास आल्या. तांब्यापासून मिळणाऱ्या नेहमींच्या १.५४ अँगस्ट्रॉमच्या किरणांवर ते विसंबले असते, तर हें उत्तर त्यांस मिळालें नसतें.

याच युक्तीचा विस्तार पुढें प्रथिनांसाठीं झाला. ठिपक्याचें तेज मोजतां येतें, परंतु लहरीचा चढउतार कोणत्या टप्प्यावर होता हें चित्रांत उमटत नाहीं. आणि त्यावांचून रचना उलगडत नाहीं. प्रथिनांत गंधकाऐवजीं सेलेनियमचे अणु बसवून ०.९८ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे किरण वापरले, तर जोड्यांतील सूक्ष्म फरकांवरून हा टप्पा काढतां येतो. फरक फार थोडा असल्यामुळें जोडीचे दोन्ही ठिपके स्फटिकाच्या सारख्याच अवस्थेंत मोजले गेले पाहिजेत. यासाठीं कांहीं अंशांचा एक तुकडा घेऊन लगेच १८० अंश पलीकडचा तुकडा घेतात, व असें आलटून पालटून पुढें जातात. एक जोडीदार ताज्या स्फटिकावर व दुसरा खंगलेल्या स्फटिकावर मोजला, तर झिजेचाच फरक हाती लागावयाचा.

हल्लीं हे प्रयोग बहुधा सिंक्रोट्रॉन नांवाच्या विशाल यंत्रांवर होतात. आपल्या देशांत इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत इंडस-२ हें अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचें यंत्र आहे, व त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठीं भाभा अणुसंशोधन केंद्रानें एक स्वतंत्र किरणवाट उभारली आहे. अशा ठिकाणीं प्रत्येक गटास ठराविक तासच मिळतात. तेथें पोहोंचल्यावर विचारास आरंभ करणें परवडत नाहीं. बडोद्यास शिक्षण झालेले वेंकटरामन् रामकृष्णन् यांनीं २००० सालीं रायबोसोमच्या लहान भागाची रचना तीन अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली, व २००९ सालीं त्यांस थॉमस स्टाइट्झ व आदा योनाथ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. रायबोसोमचे स्फटिक किरणांपुढें तग धरीनात, तेव्हां त्यांस अतिशीत करून मोजण्याची वाट योनाथ यांनींच १९८० नंतरच्या दशकांत पाडली होती.

ज्या स्फटिकांस एवढेंहि आयुष्य नसतें, त्यांच्यासाठीं अगदीं उलट योजना निघाली आहे. २००९ सालीं कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्डजवळ असें यंत्र सुरू झालें कीं, त्याचा किरण स्फटिकाची राख करतो. परंतु तो इतका क्षणिक असतो कीं, अणु विखुरण्यापूर्वींच ठिपके उमटून जातात. तेथें अतिसूक्ष्म स्फटिकांची धार किरणासमोर सोडतात, प्रत्येक स्फटिक एकच चित्र देऊन नष्ट होतो, व लक्षावधि चित्रांतून उपयुक्त तेवढीं निवडून सबंध रचना जुळवितात. एका स्फटिकाची कसोशीनें काळजी घेणें व असंख्य स्फटिकांचा होम करणें, या दोन टोकांच्या रीती आहेत. पण दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे : या वस्तूपासून मला काय हवें आहे, आणि ती मला किती देऊं शकेल?

आतां गणकयंत्रें दोन परीक्षाचित्रें पाहून कोठून आरंभ करावा, किती अंश फिरवावें व किती वेळ किरण पाडावा, हें क्षणार्धांत सुचवितात. हें साहाय्य मोलाचें आहे. तथापि प्रयोगाचा हेतु यंत्रास माहीत नसतो; तो माणसानेंच सांगावा लागतो. औषधाचा रेणु प्रथिनास कोठें चिकटला आहे एवढेंच पाहावयाचें असेल तर एक योजना, अनोळखी रचना प्रथमच उलगडावयाची असेल तर दुसरी, आणि नाजूक बंध शाबूत पाहावयाचा असेल तर तिसरी. तिन्हींस एकच माप लावणारा मनुष्य उत्तम यंत्रासमोर बसूनहि चांगला स्फटिक वायां घालवील.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येकांच्या हातीं पुढें प्रयोगशाळेंतील उपकरणें येतील. स्फटिकाच्या या अभ्यासावरून त्यांनीं एवढें घ्यावें, अशी आमची इच्छा आहे : ज्या मोजमापानें मोजावयाची वस्तु झिजते, तेथें पहिलें चित्र घेण्यापूर्वीं कागद-पेन्सिल हातीं घ्यावी, हेतु एका वाक्यांत लिहावा, खर्चाचा अंदाज करावा, आणि अत्यावश्यक तें सर्वांत आधीं मोजावें. या चार ओळी लिहिण्यास पावघटकाहि लागत नाहीं; त्या न लिहिल्यास वर्षाची मेहनत दहा मिनिटांत नाहींशी होते.